रिपोर्ट नॉर्मल आल्यानंतर

“मग हे धडधडतंय ते काय आहे, मावशी?”

ईसीजीचा गुलाबी चौकटींचा कागद माझ्यापुढे धरून भाच्याने विचारलं. कागदावरची रेघ एकसारखी, सुबक होती. खाली डॉक्टरांनी ‘नॉर्मल’ असं लिहून सही केली होती. त्याच्या कपाळावरचा घाम मात्र अजून वाळला नव्हता.

तो सुप्याच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर काम करतो. नगरहून पुण्याकडे निघालं की टेकड्यांवर पवनचक्क्या दिसू लागतात, मग रस्त्याच्या कडेने कंपन्यांच्या शेड, ट्रकांच्या रांगा, पाळी सुटली की टपऱ्यांवर उसळणारी गर्दी. पारनेर तालुक्यातली माणसं पोटासाठी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जात आली. आता काम तालुक्यात आलं, याचं आमच्या घरात सगळ्यांनाच समाधान होतं. भाचा कॉन्ट्रॅक्टवर लागला, चौघांत मिळून खोली घेतली, माझ्या बहिणीला महिन्याला पैसे पाठवू लागला. आणि एका नाइटला, रात्री दोन-अडीचच्या सुमाराला, त्याच्या छातीत अचानक धडधडायला लागलं. श्वास पुरेना, बोटांना मुंग्या आल्या, घशाशी आवंढा अडकला. आपण आता मरणार, एवढंच त्याला कळत होतं. सोबतच्या मुलांनी त्याला मोटरसायकलवर मधे बसवून दवाखान्यात नेलं. महिनाभरात असं तीनदा झालं आणि तिन्ही वेळा कागदावर ‘नॉर्मल’ आलं.

“काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका,” असं डॉक्टर म्हणाले. खरं सांगायचं तर मीही त्याला हेच म्हणाले होते. त्याचा प्रश्न ऐकला आणि माझ्या लक्षात आलं, की आम्ही सगळे मिळून त्याला एक अशक्य गोष्ट सांगत होतो.

मराठीत भीतीसाठी शब्दांची उणीव नाही. धास्ती वेगळी, धसका वेगळा, घोर वेगळा, हुरहुर वेगळी. जीव घाबरा होतो, पोटात गोळा येतो, काळजात धस्स होतं, हातपाय गळतात. यातलं जवळजवळ प्रत्येक वर्णन शरीराचं आहे. आपल्या भाषेने भीती कुठे राहते ते फार पूर्वी ओळखलं. पण घाबरलेल्या माणसाला द्यायचा सल्ला आपल्याकडे एकच, आणि तो सगळा मनाला उद्देशून: मनावर घेऊ नको, विचार करू नको, मन दुसरीकडे रमव. वैद्याने औषधाची पुडी देताना ‘घेताना माकड आठवू नका’ असं बजावल्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. त्या रोग्याला पुढे माकडाशिवाय काही दिसलं नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली हेच प्रयोगशाळेत करून पाहिलं. त्यांनी माकडाऐवजी पांढरं अस्वल घेतलं. अस्वलाचा विचार करू नका म्हटल्यावर लोकांना तो थांबवता येईना, आणि नंतर मोकळीक दिल्यावर तो आणखी जोराने उसळला.

मला या लेखात सजगतेवर आधारलेल्या उपचारांबद्दल लिहायचं आहे, म्हणजे इंग्रजीतून ‘माइंडफुलनेस’ म्हणून आपल्यापर्यंत आलेल्या पद्धतीबद्दल. हे उपचार माणसाला शांत करण्यासाठी आहेत अशी जी सार्वत्रिक समजूत आहे, तिने या उपचारांचं आणि घाबरलेल्या माणसांचं मोठं नुकसान केलं आहे, असं माझं मत झालं आहे. शांत होण्याची धडपड सोडून देणं हा या उपचारांचा गाभा आहे. भीतीला घालवायचं नाही, तिच्याकडे बघायचं, तिला येऊ द्यायचं आणि जाऊ द्यायचं. आणि हे पुस्तक वाचून किंवा मोबाइलवरचं बटण दाबून सहसा जमत नाही. शिकवायला माणूस लागतो.

आधी धडधडीचं उत्तर. माणूस घाबरतो तेव्हा भराभर श्वास घेतो. त्याला वाटतं हवा कमी पडतेय, म्हणून तो आणखी जोरात घेतो. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरतं, बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात. त्या मुंग्यांनी माणूस जास्त घाबरतो. मग हृदयाचे ठोके वाढतात, श्वास वाढतो, मुंग्या वाढतात. या रहाटगाडग्यात हृदय निरोगीच असतं, म्हणून ईसीजी नॉर्मल येतो. ‘काही झालेलं नाही’ हे डॉक्टरांचं वाक्य हृदयापुरतं खरं असतं. माणसापुरतं ते खरं नसतं.

झटका न येताही जे लोक सदैव घोरात असतात, त्यांच्याबद्दल पेनसिल्व्हेनियातले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक यांनी आयुष्यभर संशोधन केलं. त्यांचं म्हणणं पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पटलंच नव्हतं. ते म्हणतात, काळजी करणं ही भीतीपासून पळण्याचीच एक रीत आहे. काळजी मुख्यतः शब्दांत चालते, चित्रांत नाही. ‘असं झालं तर, मग तसं झालं तर’ अशी ती आतल्या आत बडबडत असते, आणि तेवढा वेळ भीतीचं खरं चित्र आणि त्याचा शरीरावरचा चटका लांब राहतो. चारचौघांत बोलायची भीती असलेल्या लोकांपैकी काहींना त्यांनी आधी काळजी करायला लावली आणि मग सगळ्यांनाच भाषणाचा प्रसंग डोळ्यांपुढे आणायला सांगितला. ज्यांनी आधी काळजी केली, त्यांचं हृदय त्या चित्राला कमी दाद देत होतं. काळजी म्हणजे क्षणभराची ढाल. म्हणूनच ती सुटत नाही, आणि ढालीआडची भीती कधी झिजत नाही. माझी आजी रात्रभर अंथरुणात कूस बदलत हिशोब करत बसायची. पाऊस, कांदा, सोसायटीचं कर्ज, लेकीचं बाळंतपण. तिला आम्ही ‘काळजीखोर’ म्हणायचो. ती कशापासून लांब राहत होती, हे विचारायचं आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

बोर्कोव्हेक यांच्या कामाच्या पायावर बॉस्टनमधल्या लिझाबेथ रोमर आणि सुझन ऑर्सिलो या दोन चिकित्सा मानसशास्त्रज्ञांनी उपचार उभा केला. त्यात सजगतेचा सराव आहे, जे वाटतंय त्याला जागा देणं आहे, आणि तिसरी गोष्ट जी पुष्कळदा गाळली जाते: भीती असतानाच स्वतःला मोलाचं वाटणारं काम करत राहणं. २००८ मध्ये त्यांनी सततच्या काळजीचा आजार असलेल्या ३१ जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ७८ टक्के लोकांमध्ये नंतर तो आजार निदानाच्या कसोटीला उतरला नाही. हा आकडा छापून थांबता आलं असतं. पण पुढे ८१ जणांच्या अभ्यासात त्यांनी आपल्या उपचाराची तुलना स्नायू सैल सोडायला शिकवणाऱ्या जुन्या, साध्या पद्धतीशी केली आणि दोन्हींचा गुण जवळपास सारखाच आला. तो निकालही त्यांनी २०१३ मध्ये तितक्याच मोकळेपणाने मांडला. आपल्या मताच्या बाजूचा नसलेला आकडा असा समोर ठेवणाऱ्या संशोधकांवर माझा विश्वास बसतो. आणि तो निकाल मला निराशेचाही वाटत नाही. घाबरलेल्या माणसाला आठवड्यामागून आठवडे कुणी बसवून, समजून घेऊन, शरीराशी ओळख करून दिली, तर एकापेक्षा जास्त वाटांनी गुण येतो, एवढाच त्याचा अर्थ.

बॉस्टनचं नाव निघालं आहे तर एका मराठी माणसाची आठवण इथे काढलीच पाहिजे. गोव्यातल्या सांखवाळ गावी १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी बुद्धाचा शोध घेत घराबाहेर पडले, श्रीलंकेपर्यंत गेले, पाली शिकले. १९१० साली ते बॉस्टनला लागून असलेल्या केंब्रिजमध्ये, हार्वर्ड विद्यापीठात पोचले. काम होतं ‘विसुद्धिमग्ग’ या पाचव्या शतकातल्या पाली ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचं. ते काम पुढे अनेक वर्षं चाललं आणि आवृत्ती १९५० साली, कोसंबींच्या निधनानंतर निघाली. आनापानस्मृती, म्हणजे येत्या-जात्या श्वासाचं भान कसं ठेवायचं, याचं फार बारकाईचं विवेचन या ग्रंथात आहे. कोसंबींनी ‘समाधिमार्ग’ हे ध्यानपद्धतींवरचं पुस्तकही लिहिलं. त्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात, वूस्टरच्या वैद्यकीय केंद्रात, १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी डॉक्टरांनी हात टेकलेल्या रुग्णांसाठी एक वर्ग सुरू केला. आज जगभर ‘माइंडफुलनेस’ म्हणून जे चालतं त्याचं मूळ त्या वर्गात आहे.

हे वाचून ‘म्हणजे हे आमचंच’ असं म्हणायचा मोह होतो. मला तो मोह हानिकारक वाटतो. जे नवीन घडलं ते असं, की एका जुन्या साधनेला विचारण्यात आलं: तू कुणाला उपयोगी पडतेस, किती, आणि कुणाला पडत नाहीस? हा प्रश्न विचारायचं धाडस वूस्टरला झालं. ते आपल्याकडे आधी झालं असतं तर मला अभिमान वाटला असता.

‘विसुद्धिमग्गा’तली एक गोष्ट मात्र आजच्या वापरात हरवली आहे. त्यात ध्यानाचे चाळीस विषय सांगितले आहेत आणि ते सरसकट सगळ्यांसाठी नाहीत. शिकवणाऱ्याने, ज्याला ग्रंथ ‘कल्याणमित्र’ म्हणतो, शिकणाऱ्याचा स्वभाव बघून विषय द्यायचा. श्वासाचं भान विशेषतः ज्यांचं मन तर्ककुतर्कांत भरकटतं अशांसाठी सुचवलं आहे. म्हणजे पंधराशे वर्षांपूर्वीही हे ठाऊक होतं, की एकाच सूचनेची ध्वनिफीत सगळ्यांच्या कानाला लावून चालत नाही.

भाच्याच्या बाबतीत ते मी डोळ्यांनी पाहिलं. नगरमधल्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे मी त्याला घेऊन गेले. पहिल्या दिवशी त्यांनी त्याला डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं आणि दोन मिनिटांत तो उठून उभा राहिला. श्वासाकडे लक्ष दिलं की श्वास अडकल्यासारखं त्याला वाटायचं. बाईंनी त्याला परत बस म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, “श्वास राहू दे. तू मशीनवर उभा असतोस तेव्हा काय ऐकतोस?” तो म्हणाला, इन्सर्ट झिजलं की कापण्याचा आवाज फाटतो, डिस्प्लेवर काही दिसायच्या आधी कानाला कळतं. “मग त्या आवाजाला तू काय करतोस? घाबरतोस?” नाही, ऐकतो. कुठून येतोय, वाढतोय का, बघतो. “छातीतल्या धडधडीला आजवर असं कधी ऐकलंस?”

मग त्यांनी त्याला चार जिने चढून यायला सांगितलं. तो धापा टाकत आला तेव्हा त्या विचारत गेल्या: धडधड नेमकी कुठे आहे, डावीकडे की मधे, गळ्यात जाणवते का, एका ठोक्यानंतर दुसरा येईपर्यंत काय असतं, आता कमी झाली ती कशी कळली? तो उत्तरं देत होता. मी खोलीच्या कोपऱ्यात बसले होते. तीन-चार मिनिटांत त्याचा आवाज सरळ झाला. शांत हो असं त्याला कुणीच म्हटलं नव्हतं.

या कार्यक्रमांत पहिल्या वर्गाला मनुका खायला देतात. एकच मनुका, हातात घेऊन बघत, वास घेत, सावकाश. बाईंनी भाजलेला शेंगदाणा दिला. साल बोटांनी चोळून निघते ती, दोन डाळिंब्या वेगळ्या होताना टोकाशी दिसणारा कोंब, दाताखाली फुटतानाचा आवाज. भाचा म्हणाला, “आयुष्यभर मूठ-मूठ खाल्ले, एक कधी खाल्ला नव्हता.” घरी आल्यावर मीही खाऊन बघितला.

आता पुरावा. १९९२ साली कबाट-झिन आणि सहकाऱ्यांनी चिंताविकार असलेल्या २२ जणांचा पहिला अभ्यास छापला. २० जणांमध्ये लक्षणं ठळकपणे उतरली आणि तीन वर्षांनी ज्यांच्यापर्यंत पोचता आलं त्यांच्यात ती सुधारणा टिकलेली आढळली. पण तुलनेला दुसरा गट नव्हता. काळाबरोबर आपसूक किती बरे झाले असते हे त्यातून कळत नाही. २०१४ मध्ये ४७ चाचण्या आणि साडेतीन हजार लोकांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात चिंतेवरचा परिणाम ०.३८ आला, म्हणजे कमी ते मध्यम, आणि औषध, व्यायाम किंवा इतर उपचारांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. सर्वांत वजनदार अभ्यास २०२२चा, मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ होज आणि सहकाऱ्यांचा. २७६ रुग्णांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारख्या पद्धतीने आठ आठवड्यांचा वर्ग दिला, निम्म्यांना एसिटालोप्राम हे नेहमीचं औषध. सात गुणांच्या मोजपट्टीवर आजाराची तीव्रता वर्गाने १.३५ने उतरली, औषधाने १.४३ने. फरक नगण्य. उपचाराशी निगडित एखादा तरी त्रास औषधाच्या गटात ७८.६ टक्के लोकांना झाला, वर्गाच्या गटात १५.४ टक्के लोकांना.

ही बातमी अनेक ठिकाणी ‘ध्यान औषधाइतकंच गुणकारी’ अशी आली. ती चुकीची नाही, पण अर्धी आहे. त्या लोकांनी आठवड्याला अडीच तासांचा वर्ग केला, एक अख्खा दिवस दिला आणि घरी रोज ४५ मिनिटं सराव करायचा होता. हिशोब करा: आठ आठवड्यांचा घरचा सरावच ४२ तासांचा होतो, वर्ग वीस तासांचे. औषधाची तुलना या साठहून अधिक तासांशी आणि शिकवणाऱ्या तयार माणसाशी झाली होती, फुकटच्या दहा मिनिटांशी नव्हे. दुसरं, हा निकाल वाचून चालू गोळी कुणी मनाने बंद करू नये. ती अचानक बंद केल्यास त्रास होतो, आणि बऱ्याच जणांना सराव करण्याइतकी उसंत गोळीमुळेच मिळते. भाच्याला पहिले काही महिने गोळी होती. त्यात कमीपणाचं काही नव्हतं.

ध्यानाने कुणाला अपायही होऊ शकतो. दडलेले प्रसंग वर येतात, कधी घबराट वाढते. इगतपुरीला १९७६ पासून धम्मगिरीवर दहा दिवसांची विपश्यना शिबिरं चालतात. सत्यनारायण गोयंकांनी उभं केलेलं ते काम फार मोठं आहे आणि अनेकांना तिथे आयुष्याची दिशा मिळाली आहे. पण ती साधना आहे, रुग्णालय नाही. तिथल्या अर्जातही मानसिक आजाराबद्दल विचारलं जातं. ज्याला आठवड्यात तीन झटके येतात, त्याला ‘दहा दिवस मौनात बसून ये, सगळं बरं होईल’ असं सांगून पाठवणं धोक्याचं आहे, मग सांगणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो. शाळांचंही तसंच. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास झाला, त्यांतल्या सुमारे निम्म्यांना सजगतेचे धडे दिले, २०२२ मध्ये निकाल आला: नेहमीच्या शिक्षणापेक्षा वेगळा फायदा नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता. ज्याला त्रास नाही आणि ज्याने मागितलं नाही, त्याच्या माथी हे मारून उपयोग होत नाही.

आणखी एक आक्षेप आहे, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. भाच्याची भीती सगळी त्याच्या डोक्यात आहे का? कामगार कायद्यातली २४० दिवसांच्या सलग सेवेची अट भरू नये म्हणून सात-आठ महिन्यांनी कामगाराला ‘ब्रेक’ द्यायचा, ही रीत कारखानदारीत जुनी आहे. ब्रेकचा महिना जवळ आला की खोलीवरच्या चौघांचीही झोप उडते. घरी कांद्याचा भाव सकाळी एक आणि संध्याकाळी एक. अशा जगण्यात धडधडणारी छाती चुकीचं काही सांगत नाही. रोनाल्ड पर्सर यांनी २०१९ साली एक आख्खं पुस्तक लिहून बजावलं, की कंपन्यांच्या हातात सजगता हे माणसाला अन्याय सहन करायला शिकवण्याचं साधन होतं. त्याच्या कितीतरी आधी, ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ लिहिताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दुःखाला केवळ एकेकट्याच्या तृष्णेत कोंडायला नकार दिला होता. माणसाने माणसाला दिलेलं दुःख त्यांनी धम्माच्या मध्यावर आणून ठेवलं. हा इशारा मी मनापासून मानते. पगारी रजा, कायम नोकरी, बऱ्या वेळेच्या पाळ्या यांच्या जागी कंपनीने ध्यानाचा तास ठेवला, तर ती कामगाराची फसवणूक आहे.

पण या आक्षेपाला धरून ‘आधी व्यवस्था बदलू द्या, मग मनाचं बघू’ असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. रात्री अडीच वाजता मशीनसमोर ज्याच्या पायाखालची जमीन सरकते, त्याला आज काही द्यायला हवं. शिवाय घाबरलेला माणूस भांडू शकत नाही. तो गैरहजर राहतो, काम सोडतो, दारू जवळ करतो. भाच्याने पहिल्या झटक्यानंतर ठेकेदाराशी ओव्हरटाइमचं बोलणंच सोडलं होतं. त्या बोलण्याच्या नुसत्या कल्पनेने त्याची छाती भरून यायची. बाईंनी त्याला विचारलं, भीती नसती तर तू काय केलं असतंस? तो म्हणाला, पैसे मागितले असते. “मग ती असतानाच माग.” ऑर्सिलो आणि रोमर ज्याला मोलाचं काम म्हणतात ते कामगाराच्या आयुष्यात हेही असू शकतं. त्याने मागितले. निम्मे मिळाले.

आमच्या तालुक्यात राळेगणसिद्धीपासून सुरुवात करून पाण्याची कामं झाली, ती बघत मी मोठी झाले. उतारावरून धावणाऱ्या पाण्यापुढे नुसती भिंत घातली तर ते भिंत फोडतं किंवा बाजूने माती घेऊन जातं. समपातळी चर खणले की त्याची धाव मोडते आणि ते जागच्या जागी मुरतं. भीतीशी बाई जे करायला शिकवत होत्या ते मला या चरांसारखं वाटलं. पण चर एकट्याने खणून होत नाहीत, डोंगरभर खणावे लागतात.

म्हणून मुख्य प्रश्न पोचण्याचा आहे. आम्हाला नगर गाठता आलं, फी भरता आली. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचं प्रमाण, आजाराच्या प्रकारानुसार, ७० ते ९२ टक्के निघालं. त्या सर्वेक्षणात बारा राज्यं होती आणि महाराष्ट्र त्यांत नव्हता. आपल्याला आपला आकडाही नीट ठाऊक नाही. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही विनामूल्य सेवा सुरू झाली. ती चांगली आहे आणि हा क्रमांक प्रत्येक कंपनीच्या फाटकावर लिहिलेला असावा. पण फोन हा पहिला हात आहे. आठ आठवडे समोर बसणारा माणूस त्यातून मिळत नाही.

असा माणूस तयार करता येतो, हे शेजारच्या गोव्याने दाखवलं आहे. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ संस्थेने तिथे ‘मानस’ नावाचा प्रयोग केला. नैराश्य आणि चिंतेच्या २,७९६ रुग्णांचा हा अभ्यास २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक पदवीधर मुलींना काही आठवडे शिकवून समुपदेशक म्हणून आरोग्य केंद्रांत बसवलं. त्या रुग्णाला आजार समजावून सांगत, श्वासाचे व्यायाम शिकवत, पुन्हा ये म्हणत, न आल्यास चौकशी करत. गरज पडेल तिथे डॉक्टर औषध देत, आणि मानसोपचारतज्ज्ञ पाठीशी असत. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत अशा रुग्णांपैकी ६५.९ टक्के सहा महिन्यांत बरे झाले. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ४२.५ टक्के होतं. खासगी दवाखान्यांत मात्र दोन गटांत फरक दिसला नाही. मला या प्रयोगातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ‘पुन्हा ये’ म्हणणारी मुलगी. कल्याणमित्र शब्दाचा आजचा अर्थ कुणी विचारला तर मी तिच्याकडे बोट दाखवेन.

तिला सजगतेची पद्धत शिकवता येईल का? मला वाटतं येईल, पण वाटण्यावर थांबू नये. रोज ४५ मिनिटांचा सराव दोन पाळ्या करणाऱ्या माणसाला झेपणार नाही. दहा मिनिटं पुरतात का, मशीनवर उभ्याने केलेला सराव चालतो का, कांदा काढताना बाया गप्पा मारत असतात तेव्हा तो कसा करायचा, डोळे मिटायला घाबरणाऱ्यांना काय द्यायचं, हे इथेच तपासावं लागेल, आणि निकाल उलटा आला तरी छापावा लागेल. भाषासुद्धा इथलीच हवी. ‘साक्षीभाव’ म्हटलं की आमच्याकडे माणसं सावरून बसतात आणि कीर्तन ऐकल्यासारखा चेहरा करतात. ‘धडधड ऐक’ म्हटलं की ऐकतात. प्रश्नावलीत ‘तुम्हाला चिंता वाटते का’ विचारलं तर पुरुष नाही म्हणतील. ‘छातीत धस्स होतं का, रात्री दचकून जाग येते का’ विचारलं तर सांगतील.

विद्यापीठांतल्या मानसशास्त्र विभागांनी पुण्यामुंबईच्या महाविद्यालयीन मुलांऐवजी एक वर्ष एमआयडीसीच्या फाटकाशी यावं, अशी माझी विनंती आहे. आरोग्य केंद्रात एक खोली, दोन खुर्च्या, तालुक्यातलीच एक शिकवलेली मुलगी आणि नगरहून पंधरा दिवसांनी येणारा तज्ज्ञ, एवढ्यावर सुरुवात होते. वेळ मात्र दवाखान्याची ठेवून चालणार नाही, पाळी सुटल्यावरची ठेवावी लागेल. भाच्याला अजूनही कधीतरी रात्री धडधडतं. तो मशीन थांबवत नाही, ऐकतो, पाच-सात मिनिटांत ओसरतं. त्याला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, पहिल्या दिवशी पोरांशी मीच बोलतो, डॉक्टरांचं ऐकून कुणी खोलीत बसणार नाही. फक्त त्या आठवड्यात माझी नाइट नको.